सुभेदाराच्या भिंतीवरचा प्लंबॅगो

१२ जून, दुपार
पयल्यांदा माफी. शुद्धलेखन माझं कच्चं हाय आनि मोबाईलवर एका बोटानं टायपिंग चाललंय, म्हनून लय वेळ लागतो. हे कुनी वाचनार न्हाई. तरी मागून ठिवलेली बरी.

लिहायचं कारन: बदला.

शेजारचा सुभेदार उदयसिंह. मिलिटरीतनं रिटायर. सगळं औंध त्याला आण्णा म्हनतं. काल आमच्या ओट्यावर पप्पा आनि लालासाहेबमामाच्या देखत म्हनला, शाळा सोडली ते ठीक, पन ह्या पोराच्या हातनं गवत तरी उगवंल काय? मामा तर चा सांडस्तवर हसला. मीबी हसलो. तोंड दिसू नये म्हनून खाली वाकून हसलो.

मामाचं तिकडं तमिळनाडूत, सेलमला सोनं गाळायचं दुकान हाय. मला न्यायला टपलाय. दिवसभर भट्टीपाशी बसायचं. मी म्हनलो, मी नर्सरी काढनार. पप्पा म्हनले, दसऱ्यापतुर तुझ्या हातनं एक झाड फुलवून दाव, रस्त्याकडची जागा तुला. न्हाईतर गप मामाबरोबर जायचं.

डील कन्फर्म. सांगलीला विश्रामबागेतल्या नर्सरीतनं प्लंबॅगोची दोन रोपं आनलीत. निळ्या फुलाचा चित्रक. आईनं मला न इच्यारता एक सुभेदाराला दिलं. शेजारी हाय म्हनली.

१३ जून
माझं रोप आंब्याखाली लावलं. गार सावली. सुभेदारानं त्याचं भिंतीपलीकडं मुरमात खोचलं, रखरखीत उन्हात. मरनार.

२० जून
उसातला युरिया घातला. रोज दोन बादल्या पानी. सुभेदार युरिया घालत न्हाई. अडानी.

६ जुलै
माझं झाड गुडघ्याएवढं. पानंच पानं. फूल न्हाई, पन फूल ही लास्ट स्टेप असती. सुभेदाराचं वीतभर.

सुभेदार भिंतीवरनं वाकून म्हनला, काय जवान, मेथी लय माजली की, कवा उपटायची? मी उत्तर तयार केलं: आवं आण्णा, तुमच्या काटक्या चुलीला तरी पुरत्याल काय? लय जबरा उत्तर हाय. बोलायला तोंड उघडलं, तर "व्हय आण्णा" बाहेर आलं.

उत्तर जपून ठिवलंय. वापरनार.

११ जुलै
सुभेदार लेकीकडं पुन्याला चालला. मला म्हनला, झाडाला पानी घालत जा रं. व्हय आण्णा.

शत्रूनं आपनहून किल्ली हातात दिली. प्लॅन ए: एक थेंब घालायचा न्हाई. त्याच्या वाट्याचंबी पानी माझ्या झाडाला.

२२ जुलै
पाऊस औंधाकडं नुसता बघतो आनि फुडं जातो. माझ्या बाजूनं हाय. सुभेदाराच्या झाडानं माना टाकल्या. रोज जाऊन बघतो. बरं वाटतं.

५ ऑगस्ट
सुभेदाराच्या झाडाला फुलं आली. झुपकंच्या झुपकं.

मरायच्या आदी झाड एकदा फुलतं. कुठंतरी ऐकलंय.

९ ऑगस्ट
सुभेदार आला. फुलं बघून घरी येऊन माझी पाठ थोपटली. म्हनला, लय मन लावून पानी घातलंस गड्या. बाकरवडीचा पुडा दिला. खाल्ली. उपाशीपोटी बदला हुत न्हाई.

१५ ऑगस्ट
प्लॅन बी. सुभेदार शाळेत झेंड्याला गेलेला, पाव्हना म्हनून. मी कोयता घिऊन भिंतीवरनं पलीकडं. सपासप. फुलं, कळ्या, फांद्या, सगळं खाली. नुसती खुटं ठिवली. त्यो तिकडं सॅल्यूट मारत हुता, इकडं त्याचं राज्य गेलं.

मग गावातनं एक राऊंड मारला. यमाईच्या पायऱ्यांपतुर जाऊन आलो. मान्सं वळून वळून बघत हुती. एरवी माझ्याकडं कुत्रं बघत न्हाई. मानूस बदलला की लोकांना कळतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आई म्हनली, पाठीला काय रं हे? ह्या झाडाची फुलं देठाला चिकट असत्यात, गोचडीवानी धरून बसत्यात. शर्टाच्या पाठीवर निळा गजराच झालेला. वाटेत सुभेदार भेटला हुता. त्यानंबी पाठीकडं बघितलं. पन त्यानं वळखलं नसनार. म्हातारा हाय.

१६ ऑगस्ट
सुभेदार खुटांपाशी लय वेळ उभा. मग एकटाच हसला. आतनं मोडलेला मानूस असाच हसतो.

७ सप्टेंबर
खुटांतनं कोंब निघाल्यात. एका फांदीच्या जागी चार-पाच. जखमा हायत त्या.

माझं झाड भिंतीच्या वर गेलं. फूल न्हाई. युरिया डबल केला.

२४ सप्टेंबर
सुभेदाराची भिंत दिसत न्हाई. नुसती निळी. कॉलेजच्या पोरी थांबून सेल्फी काढत्यात. एक मला म्हनली, ए, जरा बाजूला हो की. झालो. तिचाबी बदला घेनार. नंतर.

२ ऑक्टोबर, दसरा
पप्पा माझ्या झाडाभोवती फिरून आले. म्हनले, पानं चांगली हायत, म्हस खात असली तर बघू. मामा म्हनला, चला, बॅग भरा.

तवर सुभेदार सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात ठिवली आनि पप्पांना म्हनला, थांब जयराज. मी त्या नर्सरीवाल्याला फोन केला हुता. ह्या झाडाला सावली नको, युरिया नको. पानी तोडायचं, बुडापतुर छाटायचं, मगच ते असं पेटतं. माझं पानी कुनीतरी बरोबर टायमाला तोडलं. छाटलंबी. मी भांडायला आलो न्हाई. ज्यानं केलं त्याच्या हातात गुन हाय. मग माझ्याकडं वळला, काय विश्वजीत, तूच न्हवं?

पप्पा म्हनले, रोप तर ह्यानंच आनलेलं. तू फुलवलं असशील तर हे झाड धरतो. जागा तुझी. नुसतं व्हय म्हन.

आई दारातनं मान हलवाय लागली, म्हन, म्हन.

सुभेदाराला मी झोपेतबी व्हय म्हनीन. पन आज म्हनलं तर सुभेदार खूश. गावभर सांगनार, पोरगं मी घडवलं. आनि माझा बदला म्हंजे काय, तर त्याची माळीगिरी? जूनपास्नं मी त्याची माळीगिरी करत हुतो?

मान वर केली. म्हनलो, मी न्हाई.

एवढं स्पष्ट मी त्याच्याशी पयल्यांदाच बोललो. सुभेदाराचं तोंड बघन्यासारखं झालं. पप्पा आत गेले.

१० ऑक्टोबर, मिरज स्टेशन
गाडी लेट हाय. मामा आतापास्नं सांगतोय, भट्टीला हात लावायचा न्हाई, नुसतं बघायचं, वर्षभर.

सकाळी सुभेदार एसटी स्टँडवर आला हुता. छाटलेल्या दोन काड्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. म्हनला, तिकडं ऊन चांगलं असतंय, लाव. गाडी हलली की खिडकीतनं फेकनार हाय. फडकं वाळलं हुतं, म्हनून जरा पानी मारलं.

जिंकलो मीच. त्याच्या झाडाला फुलं कुनामुळं आली, हे माझ्या तोंडनं त्याला जन्मात कळनार न्हाई. भोगू दे.

आत्ताच आईचा फोन आला. माझ्याशी बोलायचं सोडून पयलं हेच म्हनली: गल्लीतल्या अंबूबाईआत्याच्या म्हशीला रेडी झाली. एवढा मोठा बदला घिऊन मी निघालो, आनि औंधात चर्चा म्हशीची.