तिसऱ्या थांब्यावर माझा फोटो

प्रिय अक्का,

तुला जय भीम. तू गेलीस त्याला चार वर्षं झाली, आणि मला लिहायला आज सुचतंय. काल तुझ्या नातीचा, सुजाताचा कागद घेऊन मी आपलीच वस्ती बघायला निघालो आणि तिसऱ्या थांब्यावरून तोंड चुकवून घरी आलो. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सुजाताने डोंबिवलीची नोकरी सांभाळून आपल्या लोकांच्या इतिहासाचा नकाशा काढलाय. कल्याणला उतरायचं, कागद हातात धरायचा आणि आकडे बघत आपलं आपण चालायचं. पहिला थांबा विहार, दुसरी बायकांच्या वर्गाची शेड. तू तिथे अक्षरं शिकून यायचीस आणि घरी चुलीपुढे मला गिरवायला लावायचीस, आठवतं?

तिसरा थांबा नळ. नळ आता नाही गं, मोबाईलचं दुकान आहे. तिथे पाटी लावलीय, वर माझा फोटो. आपल्या वस्तीची पहिली घागर या नळावर मी भरली, असं लिहिलंय.

मी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दुसरा कोण?

खरं तुला ठाऊक आहे. आपले हंडे बाजूला ठेवायचे आणि चाळीतलं कुणी वरून ओतेल याची वाट बघायची, अशी तिथली रीत. त्या सकाळी तू सरळ तोटीखाली हंडा लावलास. शिव्या आल्या, हंडा लाथेने उडवला, तू पोचा आलेला तोच हंडा पुन्हा लावलास. आणि मी? पहिल्या शिवीलाच तुझ्या बाजूला नव्हतो.

पुढे बुद्धपौर्णिमेला नळाची गोष्ट निघाली, तेव्हा तू मागे खिरीच्या पातेल्याशी होतीस. वक्त्याने ज्या घरचा हंडा पहिला भरला त्या घरचं कोण आहे म्हणून विचारलं, लोकांनी मला पुढे ढकललं. शाल पडली अंगावर. तेव्हाच बोलायला हवं होतं. घरी तू हसलीस, म्हणालीस, "असू दे रे. पाणी आलं ना?"

तुझं हे असू दे मला फार महाग पडलंय, अक्का. एकदा तरी भांडायचंस ना माझ्याशी! त्यानंतर दर वर्षी शाल आली, आणि मी खांदा पुढे करत गेलो. सुजाता विचारायला आली तेव्हाही गप्प बसलो.

काल पाटीपाशी ठाण्याहून आलेली एक बाई कागद वाचत होती. तिने मला फोटोवरून ओळखलं, पाया पडायला वाकली आणि विचारलं, "आजोबा, भीती नाही वाटली?"

"वाटली," एवढंच बोललो. ती म्हणे, किती साधेपणा!

रविवारी शाळेची पोरं येणार आहेत. तिथे मी बोलावं असा सुजाताचा हट्ट. तिची स्वतःची आजी त्या कागदावर कुठेच नाही, हे तिला अजून माहीत नाही. कळल्यावर ती माझ्याशी बोलेल का? झोप लागत नाही बघ.

तरी उद्या सकाळी ती कामाला निघायच्या आधी सगळं सांगणार. पाटी उतरवणार. आणि रविवारी पोरांना दुकान दाखवून झालं की समोरच्या बोळात नेईन, म्हणेन, अक्का तिथे होती, मी इथून बघत होतो. हा माझा शब्द.

तुझा धाकटा,
बाबू