पहिल्या पंगतीचं पान

प्रिय पूनम,

आवारात तेरडा फुलला की महालक्ष्म्या जवळ आल्या, हे मला पंचांग न उघडताच कळतं. सकाळी ओसरीत बसतो, स्टेशनाकडून गाडीची शिटी येते आणि हर्षल आणि तू नाशिकहून अशाच एखाद्या गाडीनं नांदुऱ्याला उतराल, असं मनात येत राहतं. काल ट्रंकेतून दोन्ही मुखवटे काढून मऊ फडक्यानं पुसले. धाकटीच्या नाकाचा रंग जरासा उडालाय.

तुझ्या सासूबाई मुखवटे पुसताना त्यांच्याशी बोलायच्या. "थांबा वो माय, तुमचंच करून राह्यली." सणाच्या दिवशी आशा पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायची. सवाष्ण जेवल्याशिवाय घरच्या बाईनं काही खायचं नाही, हा आपल्या घरचा नेम. मग दुसरी पंगत, तिसरी. ऊन कललं की ती चुलीपाशी बसून उरलेल्या पुरणपोळ्या तुपासोबत संपवायची. भूक कधीच मरून गेलेली असायची, पण "वाया काऊन घालवा?" असं म्हणायची. तिची शुगर कळली तेव्हा पायाची बोटं बधिर झाली होती.

ती गेल्यावर तो नेम तू उचललास. मागच्या वर्षी शेवटची पंगत उठली तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, कपाळ घामानं भिजलेलं. मी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही बाबा, चुलीची धग लागली." आणि ताट ओढून तिच्यासारखंच जेवलीस.

शाळेत आमचे गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत. ओळीत यती आली की हात वर करत. तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. मी घाईनं पुढे गेलो की म्हणत, "अबे, दम खाय. कविता कुठी पळून जाऊन राह्यली?" अजूनही एकटा कविता म्हणत बसलो की तिथं थांबतो. तुझ्या भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतच्या ओळीला मात्र यतीच नाही. महालक्ष्म्या, मग नवरात्राचे उपास आणि साबुदाणा, मग नोकरी सांभाळून रात्रीचं फराळाचं तळण, आणि घरोघरी "एक तरी घ्या"चा आग्रह.

हर्षलवर रागावू नकोस, त्यानं मला फोनवर सगळं सांगितलं. डॉक्टरांनी प्रेशरची गोळी सुरू केली, वजन उतरवायला सांगितलं, आणि तू त्याला बजावलंस, "बाबाले सांगू नका, ते पंगतच बंद करतीन." नाही गं, बंद करणार नाही. आशाचा सण मोडायला माझाही जीव धजत नाही. पण या वर्षी आमंत्रणं कमी केलीत. पोळ्या लाटायला रुखमाबाई येतेय. पुरण हर्षल वाटणार आहे, त्याला अजून ठाऊक नाही. उरलेलं शेजारी वाटायचं, तुझ्या पोटात नाही. आणि सकाळी गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, काही खाऊनच.

हर्षलच्या सोजराआत्याला हे पटत नव्हतं. "दादा, घरची सून पयल्या पंगतीले? लोकं हासतीन." मी म्हटलं, हासू दे, हासल्यानं अन्न पचतं. मग तिला आशाच्या बधिर बोटांची आठवण दिली. आशाचे पाय चेपायला तीच यायची ना.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण सवाष्णीला आमंत्रण रीतीनं द्यावं लागतं. तर पूनम, यंदा आपल्या घरची सवाष्ण तू. पाटावर बसायचंस, पहिलं पान तुझं, आणि पोट भरलं की "पुरे" म्हणायचंस. वाढणारा आग्रह करणार नाही, कारण वाढणारा मी आहे. पाकिटात हळदीकुंकवाची पुडी आहे. ती सोजरानंच बांधून दिली. म्हणाली, "पाट मी मांडीन, तुमाले नाही जमत."

तुझी वाट पाहणारा,
बाबा