टोपलीच्या सावलीतलं बाळ

तीर्थरूप आईस नमस्कार.

माझा खोकला गेला आणि जेवण वेळेवर होतं. आप्पांचा गुडघा कसा आहे?

इथे आम्ही दुष्काळातले जुने फोटो पुसून प्रदर्शनासाठी चौकटीत बसवतो. काल एका फोटोत तू दिसलीस. हनुवटीवरच्या व्रणावरून ओळखलं. तू रस्त्यावर खडी फोडते आहेस आणि शेजारी टोपलीच्या सावलीत बाळ झोपलंय. ते मीच ना? तू तर म्हणायचीस, त्या वर्षी आपण मामाकडे सुखात होतो.

साहेब म्हणाले, "कोण बाई कुणास ठाऊक! खाली लिही, अनोळखी मजूर."

मी म्हटलं, "चौकटीचा डिंक अजून ओला आहे, साहेब."

तुझं नाव लिहू, की फोटो मागेच ठेवू? तू कळवेपर्यंत डिंक काही वाळणार नाही.

तुझा,
थोरला