मामाची मुलगी, मुक्काम तीन महिने

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ४ मार्च १९२६

रा. रा. चनमल्लप्पा यांस रुद्रप्पाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

सप्रेम लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. सूत रंगवायची विद्या शिकायला वर्षभर जर्मनीला जातो म्हणालात, त्याला तीन वर्षे झाली. माझी बहीण बसव्वा तुमच्या आईची, म्हणजे आमच्या ईरम्मा आत्याची, सेवा करत तुमच्या घरी बसली आहे. गड्ड्याच्या जत्रेत जो तो विचारतो, जावई कुठे? यंदा मी उत्तर द्यायचे सोडले. तिला बोलावून घ्या, नाहीतर नांदवत नाही असे स्पष्ट लिहा.

आत्या खुशाल आहेत. वाट उत्तराची पाहतो, लोभाची नाही.

रुद्रप्पा


लाइपझिग, ता. २ एप्रिल १९२६

रा. रा. रुद्रप्पा यांस चनमल्लप्पाचे सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून डोके उठले. इथे येणे म्हणजे शेजारच्या वळसंगला गाडी जुंपणे नव्हे. पासपोर्टावर या सरकारचा व्हिसा लागतो आणि त्याचे प्रकार आहेत. एक नुसता देश ओलांडायचा, त्यावर मुक्काम करता येत नाही. दुसरा पाहुण्याचा, ठरलेल्या मुदतीचा. तिसरा कायम राहण्याचा, त्याला फार चौकशी होते. तूर्त दुसराच मिळेल. निमंत्रणाचा कागद सोबत आहे, तो मुंबईच्या जर्मन वकिलातीत द्यावा. जर्मन तुम्हाला कळायचे नाही, उगाच डोळे फोडू नका.

बसव्वाने देश पाहून जावे. दिवाळीत मीही दोन महिने घरी येईन, बाकीचे तेव्हा बोलू. तोवर तोंड आवरावे आणि जमेल तेवढा लोभ ठेवावा.

चनमल्लप्पा


सोलापूर, ता. ३० एप्रिल १९२६

चनमल्लप्पा,

या खेपेला नमस्कार नाही. बसव्वाला घेऊन मुंबईला जाऊन आलो. वकिलातीतल्या कारकुनाने तुमचा कागद मराठीतून वाचून दाखवला. नाते, मामाची मुलगी. मुक्काम, तीन महिने. मग त्याने विचारले, बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र दिसते, नवऱ्याची संमती आणली का? मी म्हणालो, नवऱ्यानेच तर बोलावले आहे. तो हसला. म्हणाला, बायको असती तर राहण्याचाच व्हिसा मागितला असता, इथे बायको हा शब्दच नाही.

कागदात एक अक्षर खोटे नाही, याचीच मला चीड येते. आपल्यात मामाची मुलगी बायको करतात, हे तिकडच्या सरकारला काय ठाऊक? ते तुम्हाला ठाऊक होते. तुमचे तोंड पाहायची मला इच्छा उरलेली नाही.

रुद्रप्पा


सोलापूर, ता. ६ मे १९२६

आत्याचे चिरंजीव चनमल्लप्पा यांस मामाची मुलगी बसव्वाचा नमस्कार वि. वि.

अण्णा रागाच्या भरात लिहितो. राग मलाही आहे, पण मी विचार करून लिहिते. तुमचा कागद परत पाठवत आहे. तीन वर्षे तुमच्या आईचे सगळे मी केले, ते पाहुणी म्हणून केले नाही. पाहुणी होऊन मी येणार नाही.

आत्यांना सारी पत्रे वाचून दाखवली. त्या म्हणाल्या की, दिवाळीला यायचं तर येऊ दे, पण माझं पोर म्हणून, हिचा नवरा म्हणून न्हाय. तुमची गादी त्यांनी आतल्या खोलीतून काढून सोप्यात टाकायला लावली. पाहुणे तिथेच निजतात. मुदत तुम्हीच दोन महिन्यांची लिहिली आहे, ती आम्हाला मान्य आहे.

आतल्या खोलीत राहायचे असेल, तर त्याला आमच्याकडेही फार चौकशी होते. कळावे.

बसव्वा