माझ्या नावावरची ठेव

१२ डिसेंबर, खामगाव

सात वर्षं झाली कॅनडात, आणि माझी कमाई शून्य. तिथल्या घरकर्जासाठी माझी इथली राहून गेलेली इन्कम टॅक्सची रिटर्नं हवीत, म्हणून हे मागे लागलेत. सुट्टीत सासरी आलेच आहे तर. सकाळी फोनवर म्हणाले, "सगळीकडे शून्य टाक अन् मोकळी हो."

संध्याकाळी लॅपटॉप उघडला, तर फॉर्मात आधीच भरलेलं होतं : माझ्या नावावरच्या मुदत ठेवीचं व्याज. कसली ठेव? पहिला संशय ह्यांच्यावरच आला. शून्य टाकायची एवढी घाई काऊन? मग दिरावर. कापसाची दलाली करतात, वहिनीचं नाव वापरलं असेल.

शेवटी रिटर्न पक्कं करायला त्या ठेवीच्या बँकेतून ओटीपी मागवला. माझा फोन गप्प. स्वयंपाकघरात सासूबाईंचा वाजला. पुन्हा मागवला, पुन्हा तिकडेच वाजला.

पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. "माह्या माहेरच्या वावराचे पैसे हायेत. तू जाताना सह्या घेतल्या होत्या ना तुह्या, त्या ह्याच्याच."

"मले काऊन नाही सांगितलं, आई?"

"लागतीन तुले कधी. पन त्याले सांगू नको."

त्याले म्हणजे स्वतःच्या मुलाला, माझ्या नवऱ्याला.

सहा आकडे लिहून घेतले, अजून टाकले नाहीत; टाकले की रिटर्नमधलं व्याज ह्यांनाही दिसेल. दिरावरचा संशय गेला. पण आईला आपल्या पोराबद्दल असं काय ठाऊक आहे, जे मला सात वर्षांत कळलं नाही?