खाडीवरच्या पुलाचे उरलेले आयुष्य

मी, वय वर्षे एकाहत्तर, धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द वकिलांचा. माझ्यावर तेरा वर्षे दडपण आहे.

१. राहते घर पत्नीचे. स्वयंपाकघराच्या खिडकीचा जाड पडदा तिने खुशाल काढावा. खाडीवरचा पूल दिसू नये म्हणून तो मीच लावला. पूल टाळून मी लांबून वळसा घालतो, त्याला ती द्राविडी प्राणायाम म्हणते. खरे कारण मी तिला कधी सांगितले नाही.

२. हत्यारे प्रयोगशाळेत माझे चाचणीयंत्र चालवणाऱ्या जुन्या मशीनवाल्याला द्यायची होती, पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. ती तंत्रशाळेला द्यावीत.

३. निरोपाचे घड्याळ मोठ्या साहेबांना परत. पुलाचे उद्घाटन ठरल्यावर हेच म्हणाले होते, “पाच महिने कुठून आणू? आठवड्यात आकडा द्या.” पूल तोलणाऱ्या कांबींचे नमुने खाऱ्या पाण्यात ठेवून सेकंदाला एकदा ओढायचे होते. मी सेकंदाला वीसदा ओढले. ओढी तेवढ्याच भरल्या, पण गंजाला लोखंड खायला वेळच मिळाला नाही. अहवालात लिहिले: आयुष्य चाळीस वर्षे. सही माझी आहे, साहेबांची नाही.

४. कपाटातली निळी वही मुलीला. ती आता प्रयोगशाळेत माझ्याच खुर्चीवर बसते. “बाबांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” असे सगळ्यांना सांगते. पूल उभा राहिल्यावर मी तीच चाचणी गुपचूप, सावकाश घेतली. उत्तर चौदा वर्षे आले, ते या वहीत आहे. पुलाला हे तेरावे वर्ष. सोमवारी ती पूल पुढची दहा वर्षे सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करणार आहे. सांगावे तर तिच्या मनातून उतरेन, न सांगावे तर माणसे पाण्यात जातील. इकडे आड, तिकडे विहीर. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त लाज. वही माझ्या मृत्यूनंतर उघडावी.

हे कलम वाचून मशीनवाल्याने पेन खाली ठेवले. “साहेब, पूल तुमच्या आधी गेला तर?”

कलम चारमधले शेवटचे वाक्य रद्द.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: शुक्रवार, सोमवारच्या तीन दिवस आधी

साक्षीदार पहिला: शेजारचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरा: मशीनवाला. सही केली नाही. वही काखेत मारून, चपला घालून दारात उभा आहे. “पोरीकडे तुम्ही येताय, की मी एकटा जाऊ?” म्हणतो.

लिहून ठेवणाऱ्याची सही: बाकी. आधी तिला सांगून येतो.