आखरावरचा डावा हात

करडी, ता. मोहाडी
१४ मे २०२५

चि. रुपा,

भावाचा आशीर्वाद. जवाईबुवाले नमस्कार सांग, खुशबूचे लाड कर. इकडं आम्ही सारे खुशाल आहोत असं लिहाची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

फोन लावला तं तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला. आपली शेजारीण बेबीबाई उद्या तिच्या पोरीकडं जवाहरनगरले चालली, तिच्या हाती हे पत्र देतो. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडाचं असंन तं वाचून फाड.

ऊन बेकार तापून राहिलं. उन्हाळी धान उभा आहे, हार्वेस्टरवाला आज येतो उद्या येतो करून राहिला. कपिलेनं गोऱ्हा देल्ला. आईचे गुडघे तसेच. कूलर रात्रभर चालते, पण लाइन जाते तेव्हा सारं घर उठून बसते. बाबाले तेवढं समजत नाही, ते निजून असतात.

मले वाटलं होतं लिहाले बसलो की मन भरून येईल. तसं काही होऊन नाही राहिलं. हात आपला लिहून राहिला.

रविवारी आली तेव्हा तू फाटकात उभी राहून समोरच्या आखराकडं पाह्यलं आन म्हटलं, "हे लफडं अजून चालूच आहे?" बाबाचं स्काउटचं शिबिर चालूच आहे, रुपा. यंदा बाबा खाटेवर, म्हणून कैलाशनं चालवलं. तोच कैलाश, नाक पुसत यायचा तो. आता लाखनीच्या शाळेत मास्तर आहे, पोट सुटलं आहे त्याचं, तरी खाकी घालते. शनिवारी समारोप आहे.

तुले त्या जागेची गोठ कोणी कधी सांगतली नाही. तू विचारलीही नाही म्हणा. आपल्या जन्माच्या आधी ते नुसतं आखर होतं, गावची ढोरं सकाळी जमा होत ते. बाबा पचमढीहून स्काउटचं ट्रेनिंग करून आले, गळ्यात रुमाल, हातात काठी. सोमाजीनं भर चावडीत विचारलं, "गुरुजी, बँडपार्टीत लागले का?" सारं गाव हासलं. उन्हाळ्यात ढोरं मोकाट असतात, आखर रिकामं पडून राहते, तेवढ्यापुरती जागा द्या म्हणून बाबा दारोदार फिरले. भेटली. पोट्ट्यायले घेऊन गोटे वेचले, काट्यायची कुपाटी घातली, सागाचा खांब गाडला. मधातल्या मोहाखाली शेकोटीची जागा केली. मोहाच्या एका फांदीवर अजून दोरीचे वळ आहेत, आम्ही गाठी शिकलो ते. मंगरू तिथूनच पडला होता, हात मोडून घेतला आन दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा हजर. त्याच्या मायनं बाबाले ज्या शिव्या देल्ल्या त्या गावात अजून चालतात.

मग टिनाचं शेड झालं. शेडच्या पलीकडं, तलावाच्या अंगाले, झेंडा आन शेकोटी. अलीकडं चुली. तू आन आई अलीकडं. पोट्टे पलीकडं उड्या मारत, तू इकडं पोळ्या लाटत. तुले एकदा पलीकडं यायचं होतं. बाबा म्हटले, पोरीईचं काम नाही, आन तुझ्या हाती बादली देल्ली. तू ती बादली विसरली नाही, मले माहीत आहे. मले नागपूरले शिकाले पाठवलं, तुले दहावीनंतर पोळपाटच. तू म्हणते बाबानं आपल्या दोघांत डावं-उजवं केलं. केलं. मी काही त्यायची वकिली कराले बसलो नाही.

आता पोरीही येतात शिबिराले. चुलीवर पाळी लागते, पोट्ट्यायचीही. त्यायच्या पोळ्या पाह्यल्या तं तू हासशील.

पण ज्या गोठीसाठी लिहाले बसलो ती अशी. तू डेबरी. गाव तुले त्याच नावानं हाका मारत होतं. डाव्या हातानं वाढलं की आई मनगटावर उलटनं मारत होती. प्रसाद उजव्या हातात घे, पाहुण्याले पाणी उजव्या हातानं दे. बाबा ओसरीत बसून ऐकत, बोलत नव्हते. आन गेल्या रविवारी तू इतक्या वर्षांनी आली, खाटेजवळ उभी राह्यली, तं त्यायनं काय केलं? लकवा डाव्या अंगाले मारला आहे. उजवा हात धड आहे, त्याच हातानं माशा हाकलतात. त्या उजव्या हातानं त्यायनं आपला डावा हात मनगटात धरून उचलला आन तुझ्यापुढं केला. मेलेला हात.

तू मागं सरली. म्हटलं, "दवाखान्यातून बरे होऊन आले तरी डावं-उजवं सुटलं नाही. धड हात पोरासाठी, मेलेला माझ्यासाठी. आन वरून डावा दाखवून डेबरी म्हणून चिडवतात." आईनं चहा ठेवला होता. तू तशीच गेली. चहा आईनं मोरीत ओतला.

बाबाचा हात तसाच उचललेला होता. मी खाली ठेवला. त्यायनं पुन्हा उचलला, फाटकाकडं. तू ऑटोत बसली होती.

मले तेव्हाच मागं पळाले पाहिजे होतं. पाय उचलले नाही. आजकाल माझं असंच होते, समोर काही झालं तं मी पाहतच राहतो.

ऐक आता. शेडच्या पलीकडं शेवटच्या दिवशी झेंडा उतरला की रांग लागत होती. बाबा एकेका पोट्ट्यापुढं यायचे आन हात मिळवायचे. डावा. स्काउट डावाच हात देते. उजवा पुढं केला की बाबा म्हणत, "हा पाव्हण्याचा हात आहे. आपला दे." पहिल्या वर्षी मीही उजवाच केला होता, साऱ्यायनं टर उडवली. बाबा सांगत, पहिलेच्या काळी लढणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल राहत होती. ढाल खाली ठेवल्याशिवाय तो हात कोणाले देता येत नाही. ज्याच्यापासून काही वाचवाचं नाही त्यालेच तो द्याचा. दुसऱ्या कोणाले नाही.

आम्ही हे बाहेर कोणाले सांगत नव्हतो. पोट्ट्यायले काही तरी आपलं लपवून ठेवाले लागते, तसं. आईले माहीत नाही. घरात बाबानं मलेही तो हात कधी देल्ला नाही, तिथंच, त्या रांगेत. दवाखान्यातही नाही. मी रोज पाठ पुसतो, पेज पाजतो, मले उजव्या हातानंच थोपटतात.

तुले त्यायनं डावा देल्ला. तोंडानं बोलता येत नाही, ढाल-तलवार सांगता येत नाही, म्हणून नुसता हात उचलला. त्या उचलण्यानं त्यायले घाम फुटला होता, तू पाह्यला नसंन. एवढ्या वर्षांनी रांगेत घेऊन राहिले होते तुले. उशीर केला, हे मीही म्हणतो. तुले रागच येत असंन तं येऊ दे, तो राग खरा आहे. पण चिडवून नव्हते राहिले.

आता दुसरं. हे मी दोन पानं झाली तरी लिहाचं टाळून राहिलो.

मी तुले फोनवर म्हटलं होतं, बाबाची सुट्टी झाली. तू समजली बरे झाले. आईही तेच समजली, शकुनबाईले पेढे देऊन आली. दवाखान्यानं सुट्टी देल्ली ती तशी नाही. डॉक्टरनं मले बाहेर बोलावून सांगतलं, आता इथं ठेवून काही होणार नाही, घरी न्या, घरच्या माणसायले जवळ राहू द्या. मी बरं म्हटलं. गाडीत सारा रस्ता मी कूलरची टाकी गळते ती कोणाकडून जोडून घ्याची हाच विचार करत होतो. दुसरा आलाच नाही. अजून आला नाही. आईले मी सांगतलं नाही. तुले पहिले सांगून राहिलो.

कालपासून पेज गिळत नाहीत. डोळे उघडतात ते शिट्टी वाजली की. कैलाश सकाळी आखरावर शिट्टी वाजवते, तेवढा वेळ जागे असतात. आन शिट्टी झाली की उजवा हात डावा चाचपते. मी पाहत बसतो.

शनिवारी खाट आखरावर न्यायचं ठरलं आहे. झेंडा उतरला की पोट्टे-पोरी रांग लावतील. त्या रांगेत तू असावं असं मले वाटते. शेडच्या पलीकडं, झेंड्याच्या अंगाले. पण शनिवारपर्यंत बाबा थांबतात का नाही, हे मले कोणी सांगू शकत नाही. म्हणून शनिवारची वाट पाहू नको. बेबीबाई संध्याकाळच्या ऑटोनं परत येते, तिच्यासंगंच बस. जवाईबुवाले सुट्टी नाही भेटली तं तू एकटीच ये. कपडे घेऊ नको, आईच्या पेटीत तुझे जुने आहेत.

माझ्याशी बोलू नको वाटलं तं नको बोलू. आईशीही भांडाचं असंन तं मागून भांड. सरळ खाटेजवळ जा. ते हात उचलतील. त्यायले पुरा उचलाले लावू नको, तूच वाकून घे.

तुले कोणी शिकवाची गरज नाही, रुपा. तुझा तं पहिल्यापासून तोच हात पुढं येते.

फाटकात, डावा हात पुढं करून,
तुझा भाऊ
धनंजय